फ्रिंजच्या फोटोतून फेज झटपट कशी काढायची: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला साधारण तीन प्रकारची माणसं विचारतात. घरी दुर्बिणीचा आरसा घासणारे, एमएस्सीच्या प्रोजेक्टला लॅबमधला इंटरफेरोमीटर (दोन प्रकाशलहरी एकमेकींवर टाकून काळे-उजळ पट्टे, म्हणजे फ्रिंज, पाडणारं यंत्र) गळ्यात पडलेले, आणि कंपनीत प्रोजेक्टर-कॅमेरा लावून पार्टचा थ्रीडी आकार मोजणारे. तिघांची भाषा वेगळी पण रडगाणं एकच, "कोड चालतोय पण फार हळू चालतोय", आणि दहातल्या सात वेळा हळू चालणारी गोष्ट वेगळीच निघते. मी स्वतः पहिल्या गटातला, पोटापाण्याला इमेज प्रोसेसिंग करतो, त्यामुळे उदाहरणं आरशांची जास्त येतील, चालवून घ्या.

फ्रिंज म्हणजे काय ते माहितीये, पण फेज कशाला हवी? पट्टे मोजले की झालं ना?

बीएस्सीला न्यूटन्स रिंग्सचं प्रॅक्टिकल केलंय ना? सोडियमचा पिवळा दिवा, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, एक डोळा मिटून रिंगा मोजायच्या, आणि चौदावी की पंधरावी असा घोळ झाला की परत पहिल्यापासून. त्यात आपण फक्त काळ्या रेषा कुठे आहेत एवढंच वापरतो, दोन रेषांच्या मधला सगळा करडा भाग फेकून देतो. फेज काढणं म्हणजे त्या करड्या भागाचाही हिशोब मांडणं, प्रत्येक पिक्सेलला "तू दोन पट्ट्यांच्या मधे नक्की कुठे आहेस" असं विचारणं.

आणि गरज का पडते ते आकड्यात बघा. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरवर आरसा तपासला तर प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून एक पट्टा म्हणजे आरशाच्या पृष्ठभागावर ३२५ नॅनोमीटरचा फरक. आता १५० मिमी व्यासाचा एफ/८ आरसा घ्या (फोकस व्यासाच्या आठपट लांब), घासताना आधी येतो तो गोल आणि शेवटी हवा असतो तो पॅराबोला यांच्यात कडेला जेमतेम २८६ नॅनोमीटरचा फरक असतो. म्हणजे महिनाभर घासून जे साधायचंय ते एका पट्ट्याहूनही कमी आहे, पट्टे मोजून काय हाती लागणार!

(पाठ्यपुस्तकात फेजला "कला" म्हणतात, चंद्राच्या कला असतात तोच शब्द, छान आहे. पण लॅबमध्ये एकालाही तो वापरताना ऐकलं नाही म्हणून इथे फेजच.)

उजेड म्हणजे कोसाइन, मग सरळ उलटा कोसाइन घेतला की फेज आली, एका ओळीचं काम आहे की!

सगळ्यांना पहिल्या दिवशी हे सुचतं, मलाही सुचलं होतं. अडचणी दोन. पहिली, पिक्सेलच्या उजेडात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: मागचा सरासरी उजेड, पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट आणि फेज. लेझरचा ठिपका मधे उजळ आणि कडेला मंद असतोच, त्यामुळे पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक पिक्सेलला वेगळ्या. समीकरण एक, अज्ञात तीन.

दुसरी अडचण जास्त खट्याळ आहे. अधिक फेजचा कोसाइन आणि उणे फेजचा कोसाइन सारखाच येतो. सिंहगडाचा समोच्च रेषांचा नकाशा घ्या आणि त्यावरचे सगळे आकडे पुसून टाका, मग तो गड आहे की तेवढाच खोल खड्डा हे फक्त रेषा बघून कोणी सांगू शकणार नाही. एका फोटोत तेच होतं. हा आकडा परत मिळवायचा तर बाहेरून काहीतरी माहिती आत घालावी लागते, आणि पुढच्या सगळ्या पद्धती म्हणजे ती माहिती कुठून घालायची याचेच वेगवेगळे मार्ग आहेत.

मग मुख्य मार्ग कोणते?

ढोबळमानाने दोन. एक, मुद्दाम तिरपेपणा देऊन भरपूर सरळ पट्टे आणायचे आणि एकाच फोटोतून फूरिए पद्धतीने फेज काढायची, १९८२ मध्ये जपानच्या ताकेदा, इना आणि कोबायाशी यांनी मांडलेली. दोन, पट्टे थोडे थोडे सरकवत तीन-चार-पाच फोटो घ्यायचे, म्हणजे फेज शिफ्टिंग, ज्याची कॉम्प्युटरवाली सुरुवात १९७४ च्या बेल लॅब्जमधल्या ब्रूनिंग आणि मंडळींच्या कामापासून धरतात. टेबल हलत असेल तर पहिला, टेबल शांत असेल आणि बारीक तपशील हवा असेल तर दुसरा. बाकी सगळं या दोघांचं गोत.

फूरिए पद्धत पायरी पायरीने सांगा ना, पेपर वाचून डोकं फिरलं.

बघा, आरशाच्या आडव्या व्यासात समजा ४० उभे पट्टे आहेत. आरसा परफेक्ट असता तर ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आले असते. आरशात जिथे चूक आहे तिथे पट्टा किंचित डावी-उजवीकडे झुकतो, आणि ते झुकणं हीच आपली फेज. रेडिओवाल्यांना हे लगेच कळतं, एफएमसारखंच आहे, कॅरिअर लहर आणि तिच्यावर बसलेला सिग्नल.

फोटो क्रॉप करा, लाल लेझर असेल तर फक्त लाल चॅनेल घ्या (ग्रे करू नका, निळ्या-हिरव्यात नुसता कचरा असतो), सरासरी वजा करा, आरशाच्या गोलाबाहेरचा भाग शून्य करा पण कड कात्रीने कापल्यासारखी ठेवू नका, थोडी उतरती ठेवा. मग टू-डी एफएफटी (चित्र लहरींमध्ये मोडणारं फूरिएचं गणित, झटपट केलेलं). त्याचा लॉग काढून चित्र बघितलं की तीन ठिपके दिसतात, मधोमध एक मोठा आणि दोन्ही बाजूंना एकेक जुळा भाऊ. मधला म्हणजे मागचा उजेड, तो नको. दोन भावांपैकी एकच ठेवा, त्याच्याभोवती मऊ कडेचा फिल्टर लावा, तो ठिपका उचलून मधोमध आणा आणि उलटी एफएफटी करा. आता प्रत्येक पिक्सेलला एक कॉम्प्लेक्स आकडा मिळाला, त्याचा कोन म्हणजे फेज आणि त्याची लांबी म्हणजे कॉन्ट्रास्ट. ठिपका मधोमध आणताना मुद्दाम दिलेला तिरपेपणाही बराचसा निघून जातो, उरलासुरला एक प्लेन फिट करून काढायचा.

इथे लोक चुकतात ते फिल्टरच्या आकारात. फार मोठा ठेवला तर मधल्या ठिपक्याची शेपटी आत येते आणि उत्तरात पट्ट्यांचं भूत दिसायला लागतं. फार छोटा ठेवला तर आरशावरचे बारीक उंचवटे धुऊन निघतात आणि आरसा आहे त्याहून चांगला दिसतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण त्याची तक्रार कोणीच करत नाही! मी फिल्टरची त्रिज्या मधल्यापासून ठिपक्यापर्यंतच्या अंतराच्या निम्म्यापासून सुरू करतो आणि हळूहळू वाढवत बघतो. आणि हो, चौकोनी धारदार कडेचा फिल्टर लावू नका, त्याने कडांवर लाटा उठतात.

पट्टे किती असावेत?

जास्त असले की ठिपके लांब जातात, वेगळे करणं सोपं. पण नियमाप्रमाणे एका पट्ट्याला कमीत कमी दोन पिक्सेल लागतात आणि प्रत्यक्षात दोनवर काहीच धड येत नाही. चारच्या खाली मी जात नाही, आठ-दहा असले की झोप शांत लागते. फोनने फोटो काढत असाल तर जरा जास्तच ठेवा, कारण लाल पिक्सेल सेन्सरवर चारात एकच असतो, बाकी फोन अंदाजाने भरतो, वर जेपेगची चौकटी आणि फोनचं "सुंदर करणं" वेगळंच. रॉ मिळत असेल तर रॉ.

एफएफटी तर आधीच फास्ट असते, तिच्यात अजून काय फास्ट करणार?

एफएफटी फास्ट आहे यात वादच नाही. १०२४ बाय १०२४ च्या फोटोत साडेदहा लाखांच्या आसपास पिक्सेल असतात. प्रत्येकाचा प्रत्येकाशी सरळ हिशोब केला तर सुमारे १.१ लाख कोटी गुणाकार, आणि कूली-टुकींनी १९६५ मध्ये मांडलेल्या युक्तीने तेच काम दोन कोटींच्या घरात येतं. पण लोक पुढे जे करतात त्यात वेळ जातो.

पहिली गोष्ट, फोटो खरे आकडे आहेत, कॉम्प्लेक्स नाहीत, म्हणून त्याच्या फूरिए चित्राचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याची आरशातली प्रतिमा असतो. लायब्ररीत यासाठी वेगळं "रिअल एफएफटी" फंक्शन असतं, ते वापरा, काम जवळपास निम्मं. नाहीतरी दोन भावांपैकी एक आपण फेकणारच होतो.

दुसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली. ठिपका उचलून मधोमध आणल्यावर लोक परत १०२४ बाय १०२४ ची उलटी एफएफटी करतात. अरे पण फिल्टरच्या बाहेर सगळी शून्यं आहेत! समजा आठ पिक्सेलला एक पट्टा आहे, म्हणजे ठिपका मधल्यापासून १२८ घरं लांब. फिल्टरची त्रिज्या शंभर घरं जरी धरली तरी २५६ बाय २५६ च्या चौकोनात सगळं मावतं. तेवढा चौकोन कापा आणि फक्त त्याची उलटी एफएफटी करा. उत्तर लहान आकाराचं येतं पण त्यात माहिती तसूभरही कमी नसते, मोठ्या चित्रातले जादाचे पिक्सेल नुसते मधले भरलेले होते. आणि खरा फायदा पुढे आहे, आर्कटॅन (म्हणजे कोन काढणं) सोळापट कमी पिक्सेलवर, अनरॅप (ते पुढे येतंच) सोळापट कमी पिक्सेलवर, झर्निकी फिट (आरशाच्या चुका ठरावीक आकारांच्या बेरजेत बसवणं) सोळापट कमी पिक्सेलवर. एक ओळ बदलली आणि माझा सगळा प्रोग्रॅम चहा होईपर्यंत थांबायचा तो बटण दाबताच उत्तर द्यायला लागला.

तिसरी, डबल प्रिसिजनची (६४ बिटच्या आकड्यांची) गरज नाही. कॅमेरा ८ किंवा १२ बिटचा, त्यासाठी ३२ बिट फ्लोट भरपूर झाले. पायथनमधल्या नमपाय लायब्ररीची एफएफटी २.० आवृत्तीच्या आधी मुकाट्याने सगळं डबलमध्ये करून टाकायची, सायपायची तसं करत नाही, हे तपासून घ्या. आणि एकाच मापाचे शेकडो फोटो असतील तर एफएफटीडब्ल्यू सारख्या लायब्ररीत प्लॅन एकदाच बनवून ठेवायचा, दर फोटोला नवीन बनवायचा नाही.

१०२४ च पाहिजे का? माझा क्रॉप १०२१ येतोय.

नाही, पण १०२१ मूळ संख्या आहे, एफएफटीसाठी अपशकुनी. २, ३, ५, ७ अशा छोट्या संख्यांच्या गुणाकाराने बनलेला आकडा घ्या, १००० चालेल, १०२४ चालेल, १०८० चालेल. तीन पिक्सेल शून्यांनी भरा आणि विसरून जा.

फेज शिफ्टिंगला किती फोटो घ्यायचे? कोणी तीन म्हणतं कोणी पाच.

तीन अज्ञात आहेत म्हणून किमान तीन. प्रत्येक वेळी १२० अंश सरकवून तीन फोटो घेतले की झालं, पळणाऱ्या कन्व्हेयरवरच्या वस्तूला हेच बरं. चार फोटो ९० अंशांनी घेतले तर हिशोब इतका सोपा की तोंडी सांगता येतो: चौथ्यातून दुसरा वजा करा, पहिल्यातून तिसरा वजा करा, पहिलं उत्तर वर दुसरं खाली, आर्कटॅन. वजाबाकीत मागचा उजेड उडाला, भागाकारात कॉन्ट्रास्ट उडाला, उरली फेज.

पाचवाला फॉर्म्युला १९८७ चा, ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेमधले पी. हरिहरन आणि सहकाऱ्यांचा. दुसऱ्यातून चौथा वजा करून दुप्पट, ते वर. तिसऱ्याच्या दुपटीतून पहिला आणि पाचवा वजा, ते खाली. एक फोटो जास्त लागतो पण पीएझो (व्होल्टेज दिलं की केसभर हलून पट्टे सरकवणारा तुकडा) ९० ऐवजी ८७ अंश सरकला तरी हा फॉर्म्युला फारसा मनावर घेत नाही. स्वस्तातला पीएझो असेल तर डोळे झाकून हाच. आर्कटॅन मात्र दोन आकडे वेगवेगळे घेणाराच वापरा, आर्कटॅन-टू, नुसत्या आर्कटॅनला भागाकार दिला तर चारातले दोन क्वाड्रंट गायब होतात आणि मग "माझी फेज अर्धीच का येते" असा प्रश्न येतो.

उत्तरात पट्ट्यांसारख्याच लाटा उरल्यात, कोड तर बरोबर आहे.

कोड बरोबर असेलही, लाटा मोजा. एका मूळ पट्ट्याच्या जागेत उत्तरात किती लाटा येतात त्यावरून चोर सापडतो. दोन येत असतील तर शिफ्ट चुकतोय, ९० म्हणून भलतंच सरकतंय. तीन फोटोंच्या पद्धतीत तीन लाटा येत असतील तर उजेड सरळ रेषेत वाढत नाहीये, आणि प्रोजेक्टर वापरणाऱ्यांकडे हे जवळजवळ नेहमीच असतं, कारण प्रोजेक्टर व्हिडिओसाठी बनवलेला असतो, त्याचा गामा (दिलेला आकडा आणि पडलेला उजेड यांच्यातला घातांक) २.२ च्या आसपास, तुम्ही पाठवलेला गोंडस कोसाइन भिंतीवर पोचेपर्यंत टोकदार होतो. चार फोटोंत चार लाटा असतील तर बहुतेक कॅमेरा सॅच्युरेट होतोय, २५५ ला डोकं आपटतंय, एक्स्पोजर कमी करा. एकच लाट येत असेल तर फोटोंच्या मधे लेझरचा उजेड बदलला किंवा खोलीतला दिवा कोणीतरी लावला. हा तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलाय.

शिफ्ट नक्की किती झाला तेच माहीत नाही. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि माझी सगळी विद्या याच प्रश्नातून आलीये. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली पिठाची गिरणी आहे. सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ माझे पट्टे नाचतात, ज्वारीचं दळण असलं की जास्तच, आणि मी पीएझोला ९० अंश सांगितले तरी गिरणी स्वतःचे ४० मिळवते. सुरुवातीला मी रात्री दोनला उठून फोटो काढायचो. मग अक्कल आली की शिफ्ट ठरावीक असायची गरजच नाही, तो फोटोंमधूनच शोधता येतो.

एक मार्ग २००४ चा, वांग आणि हान यांचा. शिफ्ट अंदाजाने धरा, लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी ठेवून) फेज काढा, मग फेज पक्की धरून लीस्ट स्क्वेअर्सनेच शिफ्ट काढा, परत फेज, परत शिफ्ट, आकडे हलायचे थांबेपर्यंत. चांगला आहे पण फेऱ्या मारतो, आणि सुरुवातीचा अंदाज फारच भलता असेल तर जास्त मारतो. दुसरा मार्ग २०११ चा, वार्गास, किरोगा आणि बेलेंगेर यांचा, पीसीए (ढीगभर डेटातले मुख्य घटक वेगळे काढणारी पद्धत) वापरणारा, आणि तो वेगाच्या बाबतीत बापमाणूस आहे. दहा फोटो घ्या, त्यांची सरासरी प्रत्येकातून वजा करा, उरलेल्यांतले दोन मुख्य घटक काढा, एक साइन एक कोसाइन, आर्कटॅन, संपलं. लाखो पिक्सेल असले तरी मॅट्रिक्स दहा बाय दहाचंच सोडवायचं असतं, म्हणून फेऱ्या नाहीत काही नाही. अटी दोन, फोटोत एकापेक्षा जास्त पट्टे असावेत आणि शिफ्ट सगळीकडे बऱ्यापैकी पसरलेले असावेत. गिरणी ते काम फुकटात करून देते! मी आता पीसीएचं उत्तर वांग-हानच्या पद्धतीला सुरुवातीचा अंदाज म्हणून देतो, दोन-तीन फेऱ्यांत मिटतं.

एक्स्पोजर मात्र छोटंच ठेवा. एका फोटोच्या आतच पट्टा हलला तर कॉन्ट्रास्ट जातो, आणि गेलेला कॉन्ट्रास्ट कुठलंही गणित परत आणत नाही.

आर्कटॅन फार वेळ खातो असं वाचलंय, टेबल वापरू का?

लॅपटॉपवर आता तितकासा खात नाही. पण छोट्या बोर्डावर चालवायचं असेल तर चार फोटोंच्या पद्धतीत मजा आहे: कॅमेरा ८ बिटचा, म्हणजे दोन्ही वजाबाक्या उणे २५५ ते २५५ मधेच येणार, ५११ गुणिले ५११ म्हणजे २ लाख ६१ हजार जोड्या, ३२ बिटच्या फ्लोटमध्ये साधारण एक एमबी. सगळी उत्तरं आधीच मांडून ठेवा आणि नुसतं बघून घ्या. एफपीजीएवाले (हवं तसं सर्किट बनवता येणारी चिप वापरणारे) याऐवजी कॉर्डिक वापरतात, १९५९ ची युक्ती, फक्त बेरीज आणि बिट सरकवणं.

अनरॅप म्हणजे काय आणि तेच एवढं हळू का?

आर्कटॅन फक्त उणे पाय (π) ते अधिक पाय एवढंच सांगतो, म्हणजे फेज गुंडाळलेली येते, आणि ती उलगडणं म्हणजे अनरॅप. बाइकचा ट्रिप मीटर ९९९ नंतर शून्यावर जातो तसं. मीटर दिसतोय ९९७, ९९८, ९९९, ०००, ००१, तर आपल्याला कळतं की गाडी मागे गेलेली नाही, हजार मिळवायचे. एका ओळीत हे लहान पोरगंही करेल. अट एवढीच की शेजारच्या दोन पिक्सेलमधला खरा फरक अर्ध्या फेरीपेक्षा कमी पाहिजे.

टू-डी मध्ये गोची अशी की एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला हजार वाटा असतात आणि नॉइज असला की वेगवेगळ्या वाटेने वेगवेगळं उत्तर येतं. दोन बाय दोन पिक्सेलचा चौकोन घ्या, चार बाजूंनी फिरून परत या, बेरीज शून्य आली पाहिजे. नाही आली, एक आख्खी फेरी उरली, तर तिथे "रेसिड्यू" आहे, तिथून जाणारी वाट खोटं बोलते. सगळा वेळ जातो तो या खोट्या वाटा टाळण्यात. नमपायचं साधं अनरॅप आधी ओळींवर मग रकान्यांवर चालवणारे बरेच जण भेटतात, एका खराब पिक्सेलपासून चित्राच्या कडेपर्यंत ओरखडा उठतो, अगदी काचेवर नख ओढल्यासारखा. ते फंक्शन एका दिशेचंच आहे, त्याचा दोष नाही.

मग कोणती अनरॅप पद्धत घेऊ?

आरसा, लेन्स, थ्रीडी स्कॅन यांच्यासाठी बहुतेक वेळा २००२ ची एर्राएस आणि सहकाऱ्यांची. कल्पना साधी: प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांशी किती गुण्यागोविंदाने नांदतो यावरून त्याला विश्वासाचे गुण द्या, जास्त विश्वासाच्या जोड्या आधी जुळवा, वादग्रस्त शेवटी. जुळलेले गट आपसात जुळत जातात. सगळं काम म्हणजे एकदा सॉर्टिंग, म्हणून वेगवान. पायथनच्या सायकिट-इमेज लायब्ररीत तयार आहे आणि मास्कही घेते, आरशाच्या गोलाबाहेरचा भाग मास्क करायला विसरू नका, तिथे नुसता नॉइज असतो आणि त्यातच वेळ जातो.

दुसरी १९९४ ची, गिग्लिया आणि रोमेरो यांची, डीसीटीवाली (डीसीटी म्हणजे फक्त कोसाइन वापरणारी एफएफटीची बहीण). ही वाटाच शोधत नाही. शेजाऱ्यांमधले फरक घ्या, त्यांना उणे पाय ते पाय मधे आणा, आणि असा पृष्ठभाग शोधा ज्याचे उतार या फरकांशी सगळ्यात जास्त जुळतात. ते पॉइसाँचं समीकरण होतं, आणि डीसीटी केली की ते समीकरण नुसता भागाकार होऊन जातं. पहिल्या पदाला भाजक शून्य येतो, ते हाताने शून्य ठेवायचं, नाहीतर सगळं चित्र एनएएनने ('हा आकडाच नाही' या खुणेने) भरतं. वेळ नेहमी सारखाच, चित्र कितीही घाण असो. पण घाण असेल तर चूक एका जागी न राहता सगळीकडे पसरते, उतार कमी दिसतो. म्हणून शेवटी एक काम करायचंच: उत्तरातून मूळ गुंडाळलेली फेज वजा करा, २ पायने भागा, जवळच्या पूर्णांकात आणा, तेवढ्या फेऱ्या मूळ फेजमध्ये मिळवा. ही पायरी गाळलेले कोड मी ढिगाने बघितलेत.

१९८८ च्या गोल्डस्टीनची ब्रँच कटवाली पद्धत आजही वेगात चांगली आहे, रेसिड्यूंच्या जोड्या लावून मधे कुंपण घालते. रेसिड्यू थोडे असतील तोवर झकास, फार झाले की कुंपणांनी चित्राचे तुकडे पडतात.

अनरॅप टाळताच येत नाही का?

येतं की, आणि माझं मत विचाराल तर आधी हाच प्रश्न विचारायला हवा. आधी आणि नंतर असा फरक हवा असेल, गरम झाल्यावर प्लेट किती वाकली वगैरे, तर दोन्ही वेळा अनरॅप करून वजाबाकी करू नका. दोन कॉम्प्लेक्स चित्रं घ्या, एक आणि दुसऱ्याचं कॉन्ज्युगेट (कोनाचं चिन्ह उलटं केलेलं), गुणा, कोन काढा. फरक दोन्ही दिशांना अर्ध्या फेरीहून कमी असेल तर अनरॅप लागतच नाही. उतार हवे असतील तर तेही शेजारच्या पिक्सेलच्या अशाच गुणाकारातून थेट मिळतात, आणि झर्निकीचे आकडे उतारांवरूनच फिट करता येतात. त्या फिटचं मॅट्रिक्स आरशाच्या गोलावर अवलंबून असतं, फोटोवर नाही, म्हणून ते एकदाच उलटं करून ठेवा, मग दर फोटोला नुसता एक गुणाकार.

प्रोजेक्टरवाल्यांसाठी टेम्पोरल अनरॅप आहे, हंटली आणि साल्डनर १९९३. कमी पट्ट्यांपासून जास्त पट्ट्यांपर्यंत फोटो घेत जायचं, प्रत्येक पिक्सेल स्वतःचा हिशोब स्वतः करतो, शेजाऱ्याला विचारत नाही. पायऱ्या-पायऱ्यांचा पार्ट असेल तर दुसरा पर्यायच नाही, कारण पायरीवर शेजारी खोटंच बोलणार.

नॉइज फार आहे, फेजवर मीडियन फिल्टर मारू का?

गुंडाळलेल्या फेजवर कधीच नको. पाय आणि उणे पाय खरंतर एकच जागा आहे आणि त्यांची सरासरी शून्य येते, म्हणजे बरोबर उलट्या टोकाला. साइन आणि कोसाइन वेगवेगळे करा, दोघांना गुळगुळीत करा, मग आर्कटॅन. एवढं केलं की रेसिड्यू धडाधड कमी होतात आणि अनरॅपही पळायला लागतं.

माझ्याकडे एकच फोटो आहे आणि त्यात गोल रिंगा आहेत, कॅरिअर नाही.

हा सगळ्यात अवघड प्रकार, न्यूटन्स रिंग्ससारखा. फूरिएत दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर बसलेले असतात, वेगळे करता येत नाहीत. लार्किन आणि मंडळींनी २००१ मध्ये स्पायरल फेजची पद्धत दिली, ती फूरिएवरच चालते आणि वेगवानही आहे, पण पट्ट्यांची दिशा आधी शोधून द्यावी लागते आणि रिंगांच्या केंद्राशी ती गडबडते. चिन्ह तरीही तुम्हीच सांगायचं. परत फोटो काढणं शक्य असेल तर थोडा तिरपेपणा देऊन परत काढा. दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी दोन आठवडे कोड लिहू नका.

सॅटेलाइटचे भूकंपाचे ते इंद्रधनुष्यी नकाशे, त्यांनाही हेच?

अर्धंच. रडारचा डेटा मुळातच कॉम्प्लेक्स असतो, म्हणून फेज काढायचा प्रश्न नाही, फक्त अनरॅपचा आहे, आणि तो अक्राळविक्राळ आहे. १९९२ च्या कॅलिफोर्नियातल्या लँडर्स भूकंपाच्या प्रसिद्ध नकाशात एक पट्टा म्हणजे २८ मिमी. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून उडालेल्या निसारच्या (नासा-इस्रोचा रडार उपग्रह) एल बँडची लहर २४ सेमीची आहे, म्हणजे एक पट्टा १२ सेमीचा. पट्टे कमी म्हणजे अनरॅपला कष्ट कमी, शिवाय झाडीतूनही सिग्नल टिकतो. गोल्डस्टीनची पद्धत मुळात याच कामासाठी जन्मली.

हिंगोलीला लायगो होतंय, तिथे असेच पट्टे बघणार का?

नाही. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारा प्रचंड इंटरफेरोमीटर, तिथे चार किलोमीटरच्या भुजा असतील पण पट्ट्यांचा फोटो कोणी काढत नाही. बाहेर येणारा प्रकाश जवळजवळ अंधार राहील असं सतत धरून ठेवतात आणि फोटोडायोडवर थेंबभर उजेड मोजतात.

एआयने होत नाही का सगळं?

होतं, नानजिंगच्या एका गटाने २०१९ मध्ये एका फोटोतून फेज काढणारं नेटवर्क दाखवलंय, आणि त्यांनी शहाणपणा असा केला की नेटवर्कला थेट फेज न विचारता आर्कटॅनच्या आतला वरचा-खालचा आकडा विचारला. तुमचा सेटअप ठरलेला असेल आणि शिकवायला हजारो फोटो असतील तर करा. घरच्या आरशाला माझा नकार, कारण आरशावरचा खड्डा खरा आहे की नेटवर्कला सवयीने दिसला हे मला ठरवता येत नाही.

जीपीयू घेऊ का?

आधी चौकोन कापा, ३२ बिट करा, मास्क लावा, मग वेळ मोजा. त्यानंतरही व्हिडिओच्या वेगाने हवं असेल तर घ्या. एफएफटी आणि डीसीटी जीपीयूवर छान पळतात, सॉर्टिंगवालं अनरॅप तितकं नाही.

उत्तर उलटं आलंय का, म्हणजे डोंगराचा खड्डा झालाय का, हे कसं ओळखायचं?

कोटिंग व्हायच्या आधीचा आरसा असेल तर अंगठा टेकवा. खरंच. काचेवर दहा-पंधरा सेकंद अंगठा धरा, काढा आणि लगेच फोटो घ्या. ऊबेने काच तिथे फुगते, म्हणजे त्या जागी डोंगर असायलाच हवा. प्रोग्रॅमने खड्डा दाखवला तर तुम्ही दुसरा भाऊ उचललाय, चिन्ह उलटं करा. पायरेक्स काच कमी फुगते, तिथे जरा जास्त वेळ धरा. काही मिनिटांत उंचवटा आपोआप बसतो.

मी हे माझ्या दुसऱ्या आरशाला केलं नव्हतं. प्रोग्रॅमने मधोमध डोंगर दाखवला, मी इमाने इतबारे रोज तासभर सेरियम (पॉलिशची पावडर) लावून मधला भाग घासला, दर वेळी डोंगर थोडा वाढलेला दिसायचा आणि मला वाटायचं पिचच (पॉलिश करायचं डांबर) गार पडलंय. आठव्या दिवशी चुकून फोटो काढताना काचेला बोट लागलं आणि स्क्रीनवर बोटाच्या आकाराचा खड्डा आला. मधला भाग आणखी खोल करत होतो आठ दिवस, आणि खड्डा भरता येत नाही, बाकीचा आख्खा आरसा खाली आणावा लागतो, त्यात दीड महिना गेला. आता प्रत्येक वेळी पहिला फोटो अंगठ्याचाच असतो आणि फाइलचं नावही तेच, अंगठा, पुढे तारीख.